वाण आणि गुण

पोह्यांच्या बश्या आत गेल्या आहेत. पाहुणे जिना उतरले, खाली गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, आणि मग काकांनी घसा खाकरला.

"मुलगा चांगला आहे. नोकरी चांगली. पण आजोबा प्यायचे, हे अख्ख्या गावाला माहीत आहे. वडिलांचंही फारसं खरं नाही म्हणतात."

"मुलगा पितो का?" आईनं विचारलं.

"आज नसेल पीत. रक्तात असतं ते, वहिनी. खाण तशी माती."

सुपारी कातरता कातरता आत्याचा हात थांबला. "काहीतरीच काय, दादा! ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. मुलगा कुणात उठतो-बसतो ते बघा. रक्ताचं काय घेऊन बसलास?"

कोपऱ्यातल्या खुर्चीवरून तुम्ही दोन म्हणींची ही झुंज बघताय. दोन्ही जुन्या, दोन्ही खात्रीच्या, आणि एकमेकींशी अजिबात न पटणाऱ्या. निरोप रविवारी द्यायचाय. हातात चार दिवस आहेत. काकांची म्हण एका खिशात टाका, आत्याची दुसऱ्या, आणि निघा.

बर्कले, कॅलिफोर्निया, १९५९

सकाळ झाली आहे आणि खोलीतले सगळे झोपलेत. उंदीर रात्रीचा प्राणी. खाणं, पिणं, धावपळ अंधारात उरकून तो उजाडता उजाडता भुशात गोळा होऊन पडतो. तुम्ही आलात ती वेळ रात्रीचा हिशेब मांडायची आहे.

प्रत्येक पिंजऱ्यात एकच उंदीर. पिंजऱ्याला दोन काचेच्या नळ्या, अंगावर मापाच्या रेघा. एकीत साधं पाणी. दुसरीत पाण्यात मिसळलेला मद्यार्क, शंभराला १० भाग, म्हणजे बिअरच्या साधारण दुप्पट कडक. उंदरावर कसलीही सक्ती नाही. त्याला तहान लागेल तेव्हा त्यानं हवी ती नळी चाटावी. आख्खा उंदीर भरतो २५ ग्रॅम, दिवसाला पितो चार-पाच मिलिलिटर. चहाचा एक चमचा. या चमचाभर द्रवाचे दोन हिस्से कसे पडले, एवढंच बघायचंय.

काळ्या उंदराच्या पिंजऱ्यासमोर वाका. पाण्याची नळी थोडीशी उतरली आहे, दारूची चांगलीच खाली गेली आहे. आता पलीकडचा, फिकट तपकिरी रंगाचा उंदीर. याची पाण्याची नळी खाली आणि दारूची जवळजवळ काल भरली तशीच. एखाददुसरा घोट घेऊन त्यानं तोंड फिरवलेलं दिसतंय. पुढच्या पिंजऱ्यात पुन्हा काळा, पुन्हा तेच. त्यापुढे तपकिरी, पुन्हा तेच. रांगेच्या टोकाला पोचेपर्यंत तुम्ही रंग बघूनच नळी ओळखायला लागता.

काळ्या वाणाचं नाव सी५७ ब्लॅक. तपकिरी वाणाचं डीबीए. हा तक्ता मांडणारे जेराल्ड मॅक्लर्न आणि डेव्हिड रॉजर्स मानसशास्त्राच्या बाजूने आलेले. त्या काळी अमेरिकेतलं मानसशास्त्र बरंचसं तुमच्या आत्याच्या पक्षाचं आहे. प्राणी काय करतो ते त्याला लागलेल्या सवयींवरून आणि भोवतालावरून समजून घ्यायचं. वाण वगैरे शेतकऱ्यांनी आणि घोड्यांच्या व्यापाऱ्यांनी बघावं. त्या हवेत हे दोघं सांगताहेत की पिंजरे तेच, अन्न तेच, नळ्या त्याच. बदललं ते फक्त वाण, आणि त्याबरोबर पिणंही बदललं.

पुढच्या दशकांत हा प्रयोग असंख्य वेळा होणार आहे. या काळ्या वाणाचे वंशज दिवसाला, वजनाच्या दर किलोमागे १० ग्रॅमहून जास्त शुद्ध मद्यार्क पिताना आढळणार आहेत. ६० किलोच्या माणसाला हा हिशेब लावला तर रोज ६०० ग्रॅम. व्हिस्कीच्या दोन मोठ्या बाटल्या संपून तिसरी उघडलेली. उंदराचं शरीर दारू माणसापेक्षा कितीतरी झपाट्यानं जाळतं म्हणून तो दुसऱ्या दिवशी सकाळी जिवंत असतो, एवढंच. आणि हे फक्त उंदरांपुरतं नाही. चिलीत सांतियागोला होर्हे मार्दोनेस यांनी आणि फिनलंडमध्ये कालेर्वो एरिक्सन यांनी मोठ्या जातीच्या उंदरांतून, पिणाऱ्याला पिणारा आणि न पिणाऱ्याला न पिणारा जोडत, दोन-दोन वेगळी घराणी वाढवली.

तुम्ही काकांच्या खिशावर हात ठेवता. खाण तशी माती. रविवारची वाट कशाला बघायची?

पण थांबा. ही खाण कुणी खणली?

ग्रॅनबी, मॅसॅच्युसेट्स, विसाव्या शतकाची पहिली वर्षं

तुम्ही एका शेतघराच्या आवारात उभे आहात आणि समोरच्या खोपटांतून हजारो उंदरांची कुजबुज ऐकू येतेय. मालकीणबाई ॲबी लेथ्रोप. पूर्वी शाळेत शिकवायच्या. तब्येतीमुळे नोकरी सुटली, मग कोंबड्या पाळून बघितल्या, ते जमलं नाही. मग गिरक्या घेत नाचणाऱ्या उंदरांची एक जोडी आणली आणि तिची पैदास सुरू केली. हौसेनं उंदीर पाळायची तेव्हा लाट आहे. पांढरे, काळे, पिवळसर, ठिपक्यांचे. गिऱ्हाईक म्हणेल तो रंग. पिंजरे झाडायला गावातली पोरं येतात. ओटची पोती येतात. आणि हळूहळू गिऱ्हाईक बदलत चाललंय. पोरांच्या वाढदिवसाऐवजी आता विद्यापीठांच्या प्रयोगशाळांतून मागण्या येताहेत.

बाईंची वही बघा. कुठली मादी कुठल्या नराला लावली, किती पिल्लं झाली, कुणाच्या अंगावर गाठ आली, सगळं नीट टिपलंय. या गाठींनी त्यांना शास्त्रज्ञ लिओ लोएब यांच्याबरोबर संशोधनात आणलं आणि शोधनिबंधांवर बाईंचं नावही लागलं. विज्ञानाची पदवी त्यांच्याकडे नाही. १९१८ मध्ये त्या जातात. उंदीर उरतात.

आता किनाऱ्याकडे सरका. न्यूयॉर्कजवळ कोल्ड स्प्रिंग हार्बर, १९२१. क्लॅरेन्स कुक लिटल नावाचे शास्त्रज्ञ बाईंच्या साठ्यातून आलेल्या मादीला नराजवळ सोडताहेत. मादीचा क्रमांक ५७, नराचा ५२. सी५७ हे नाव तिथून आलं. बर्कलेतल्या सगळ्या काळ्या पिणाऱ्यांची ही मूळमाता. आणि वर्षाचा आकडा पुन्हा एकदा वाचा. अमेरिकेत दारूबंदीचं हे दुसरं वर्ष आहे. देशभर गुत्त्यांना कुलुपं लागलेली असताना, पुढे प्रयोगशाळांमध्ये सर्वांत नामांकित ठरणारं पिणारं घराणं इथे बिनबोभाट सुरू होतंय.

डीबीए त्याआधीच तयार झालंय. विद्यार्थी असताना, १९०९ मध्ये, लिटल यांनी हार्वर्डला ते सुरू केलं. नाव म्हणजे फक्त रंगाच्या तीन जनुकांची आद्याक्षरं. दोन्ही वाणं घडवताना दारूचा विचार कुणाच्या मनातही नव्हता. लिटल यांना कर्करोगाच्या अभ्यासासाठी एकसारखे उंदीर हवे होते.

ते एकसारखे कसे होतात ते जवळून बघा, कारण सगळी मेख इथेच आहे. एका विणीतला भाऊ आणि त्याची सख्खी बहीण यांची जोडी लावायची. त्यांच्या पिल्लांतून पुन्हा भाऊ-बहीण. पुन्हा त्यांच्या पिल्लांतून. अशा सलग २० पिढ्या. आपल्याकडे सगोत्र म्हटलं तरी बैठक मोडते. इथे तर गोत्र आटवत आटवत एका माणसापुरतं उरेल अशी रीत आहे. सुरुवातीच्या पिढ्यांत पिल्लं दगावतात, विणी लहान होतात, कित्येक घराणी बुडतात. जे तगतं त्यात २० पिढ्यांनंतर जवळपास प्रत्येक जनुकाच्या दोन्ही प्रती सारख्या असतात. सी५७चे दोन नर घ्या, ते जुळ्या भावांसारखे. १०० घ्या, १०० जुळे.

काकांच्या म्हणीला इथे पहिला तडा जातो. बर्कलेत तुम्ही 'रक्त' बघितलं खरं, पण असं रक्त कुठल्याच माणसाच्या अंगात नसतं. त्या मुलाच्या आजोबांच्या जनुकांचा सरासरी चौथा हिस्सा त्याच्यापर्यंत पोचला. उरलेलं आजीचं, आणि आईकडच्या दोघांचं. काकांनी चौघांपैकी एकाचंच नाव घेतलं.

जायच्या आधी लिटल यांच्या चेहऱ्याकडे एकदा नीट बघून घ्या. हे १९२९ मध्ये मेन राज्यात बार हार्बरला जॅक्सन प्रयोगशाळा उभारतील. १९४७च्या ऑक्टोबरात वणव्यात ती जळून खाक होईल, आणि पूर्वी इथूनच उंदीर नेलेल्या दूरदूरच्या प्रयोगशाळा तेच वाण परत पाठवून तिचे पिंजरे भरतील. माहेरचं बियाणं सासरहून परत यावं तसं. पण हेच लिटल अमेरिकन सुप्रजनन संस्थेचे अध्यक्षही होतात. आणि १९५४ मध्ये तंबाखू कंपन्यांनी उभ्या केलेल्या संशोधन समितीचे वैज्ञानिक प्रमुख झाल्यावर, सिगारेटने कर्करोग होतो हे सिद्ध झालेलं नाही, माणसाच्या उपजत प्रकृतीकडे बघा, असं जाहीरपणे सांगत राहतात. 'रक्तात असतं' हे वाक्य कुणाच्या सोयीचं ठरतं, त्याचा हा नमुना. विकणारा सुटतो, आजोबा अडकतात.

आणि इकडे आपल्याकडे? दोनच वर्षांपूर्वी, १९१९ मध्ये, गडकऱ्यांचं 'एकच प्याला' रंगभूमीवर आलंय. सुधाकर बुडतो तो कोर्टातल्या अपमानानं आणि तळीरामाच्या संगतीनं. त्याचे वाडवडील पीत होते का, हे त्या नाटकात कुणाला विचारावंसंही वाटत नाही. मराठी प्रेक्षक तेव्हा पूर्णपणे आत्याच्या बाजूला आहे.

पोर्टलंड, ऑरेगन, १९९२

इथे नळ्या नाहीत. एक लांबट पेटी आहे. अर्ध्या पेटीची जमीन सळ्यांची, अर्ध्या पेटीची भोकं पाडलेल्या पत्र्याची. अंधारातही उंदराला पायाखालून कळावं की आपण कुठल्या बाजूला आहोत.

क्रिस्टोफर कनिंगहॅम यांची युक्ती साधी आहे. उंदराला दारूचं इंजेक्शन द्यायचं आणि एका प्रकारच्या जमिनीवर सोडायचं. दुसऱ्या दिवशी नुसत्या खारट पाण्याचं इंजेक्शन आणि दुसरी जमीन. असं काही वेळा झालं की शेवटी इंजेक्शन न देता दोन्ही जमिनी एकदम पुढ्यात ठेवायच्या. नशेची आठवण ज्याला गोड, तो नशेच्या जमिनीवर जास्त वेळ रेंगाळेल.

तुमच्या हातात फिकट तपकिरी उंदीर आहे. बर्कलेतला सोवळा. नळीला तोंड न लावणारा. याला पेटीत सोडा.

तो सळ्यांकडे जातो. परत फिरतो. पत्र्यावर दोन पावलं टाकतो आणि पुन्हा सळ्यांकडे. तिथेच हुंगत राहतो. घड्याळ चालू आहे. वहीत बघा, या उंदराला दारू मिळाली ती सळ्यांवर. ज्यांना पत्र्यावर मिळाली ते पत्र्यावर घुटमळतात. आणि काळा? ज्याच्या नावावर सगळी ख्याती, तो दोन्हीकडे जवळजवळ सारखाच फिरतो. त्याला या जमिनीचं फारसं काही वाटत नाही.

क्षणभर तुमची बोलती बंद होते. सोवळ्याला नशा आवडते! नशेला त्याची ना नव्हतीच. ना होती ती जिभेची. दारूची चव उंदराला थोडी गोड, थोडी कडू लागते. काळ्या वाणाची जीभ गोडाला फार तयार. सॅकरिनचं पाणी पुढे ठेवलं तर तेही ते भरपूर पितं. तपकिरी वाणाला गोड तितकंसं कळत नाही, आणि दारूची नळी त्याला पहिल्याच चाटेला नकोशी होते. तोंड टाळून दारू थेट अंगात पोचली की हा सोवळा दुसऱ्या दिवशी बरोबर त्याच ओट्यावर येऊन बसतो.

याच शहरात अजून एक खोली आहे, जॉन क्रॅब आणि त्यांच्या सहकाऱ्यांची. इथे उंदरांना दारूच्या वाफेत ठेवून मग स्वच्छ हवेत आणलंय. आता एकेकाला शेपटीला धरून अलगद उचलायचं आणि हलकेच अर्धी गिरकी द्यायची. काळा निवांत लोंबकळतो. तपकिरीचं अंग ताठ होतं, झटके यायला लागतात. दारू उतरताना होणारा हा त्रास एका वाणात फार, दुसऱ्यात नावालाच. अनेक वाणं शेजारीशेजारी मांडली की एक रेघ दिसायला लागते: उतरताना ज्याचे हाल जास्त, तो एरवी पितो कमी.

म्हणजे 'पिणं' नावाची एक सरळ गोष्ट वारशात येतच नाही. येते ती जीभ. येते नशेची गोडी. येतो उतरणीचा त्रास. कुणाच्या वाट्याला गोड जीभ आणि सोपी उतरण, कुणाच्या वाट्याला कडू जीभ, गोड नशा आणि अवघड उतरण. बाहेरून बघणारा फक्त नळी बघतो आणि एकाला दारुडा म्हणतो, दुसऱ्याला साधू.

इथले लोक अर्थात जनुकांची शिकारही करताहेत. काळ्या-तपकिरीच्या संकरातून वेगवेगळी मिश्र घराणी वाढवून गुणसूत्राचा कुठला तुकडा कुणात गेला आणि कोण किती पितं, याची सांगड घालताहेत. एकाऐवजी अनेक तुकडे सापडताहेत आणि प्रत्येकाचा वाटा थोडासाच आहे. १९९६ मध्ये एक मोठी बातमी येईल: मेंदूतल्या सेरोटोनिनच्या एका ग्राहकाचं जनुक काढून टाकलं तर उंदीर दुप्पट पितो. मग इतरांनी करून बघितलं तेव्हा ते दरवेळी जमेना. एका जनुकावर सगळं ढकलायची घाई फक्त काकांनाच असते असं नाही.

ऑल्बनी, एडमंटन, पोर्टलंड, १९९८

आता एकाच सकाळी तीन शहरांत हजर राहायचंय. काळाच्या प्रवासात तेवढी मुभा असते.

क्रॅब यांनी ऑल्बनीचे ब्रूस डुडेक आणि कॅनडातल्या एडमंटनचे डग्लस वॉल्स्टन यांना बरोबर घेतलंय. प्रश्न आत्याचा आहे: वाण तेच ठेवलं आणि गोठा बदलला, तर गुण बदलतो का? म्हणून तिन्हीकडे तीच वाणं, तेच वय, त्याच बनावटीचं अन्न, दिव्यांचं तेच वेळापत्रक, त्याच चाचण्या त्याच क्रमानं, स्थानिक घड्याळात त्याच वेळेला. पिंजरा किती दिवसांनी साफ करायचा हेसुद्धा ठरलेलं. माणसाला जेवढं सारखं करता येईल तेवढं सगळं सारखं. तरीही एडमंटनमध्ये प्रयोग करणाऱ्या एका व्यक्तीला उंदरांची भयंकर ॲलर्जी. ती तोंडावर श्वसनाचा मुखवटा चढवून काम करतेय. उंदराच्या नजरेला तो गोठ्यातला मोठाच फरक असणार, आणि तो कुठल्या करारात लिहिलेला नव्हता.

एका पिंजऱ्याशी थांबा. इथल्या बारकाव्यांत गंमत आहे. दर काही दिवसांनी नळ्यांच्या जागा बदलतात, डावीकडची उजवीकडे. कारण काही उंदरांना एका बाजूचीच सवय लागते. जागा बदलली नाही तर तुम्ही लिहाल 'याला दारू आवडते', आणि त्याला आवडत असेल नुसती डावी बाजू.

आणि अशा प्रयोगांच्या रांगेत बहुधा एक पिंजरा असाही असतो, ज्यात उंदीर नाही. भुसा आहे, दोन नळ्या आहेत, राहणारं कुणी नाही. तुम्हाला वाटतं कुणीतरी विसरलं. पण सकाळी त्याचीही नळी वाचली जाते, आणि तीही किंचित उतरलेली असते. थेंब गळतात. थोडं वाफ होऊन उडतं. कुणीतरी मांडणीला धक्का देऊन जातं. जेवढं या रिकाम्या पिंजऱ्यात उतरलं, तेवढं प्रत्येक उंदराच्या हिशेबातून वजा करायचं. जे त्यानं प्यायलंच नाही ते त्याच्या नावावर चढायला नको.

निकाल १९९९ मध्ये 'सायन्स'मध्ये येतो आणि दोन्ही म्हणींना अर्धा-अर्धा न्याय देतो. दारूच्या नळीबाबत तिन्ही शहरं एकमुखानं बोलतात: काळा सर्वांत वर, तपकिरी तळाशी, आणि माद्या नरांपेक्षा जास्त पितात. उंदीर जवळच वाढलेला असो की लांबून मागवलेला, विशेष फरक नाही. पण उंच, उघड्या पट्टीवर जायला कोण किती घाबरतो, कोकेन दिल्यावर कोण किती धावतो, अशा चाचण्यांत शहर बदललं की उत्तर बदलतं. एवढी काटेकोर बरोबरी करूनही. भीती गोठ्यागणिक बदलली. नळीची आवड बदलली नाही.

तर काका जिंकले? उंदरांच्या दुनियेत, या एका चाचणीत, होय. पण तीन ठिकाणी सगळं सारखं ठेवलं तेव्हा उरलेला फरक वाणाचाच दिसणार. गोठे एकसारखे केले की गोठ्याला बोलायला जागाच राहत नाही.

पुन्हा पोर्टलंड, २००५. दिवे गेल्यावर तीन तासांनी

मंद तांबड्या उजेडात तुम्ही चाचपडत उभे आहात. या रंगाचा उजेड उंदराला जवळजवळ दिसत नाही. त्याच्या लेखी मिट्ट काळोख आहे. खोली आता जागी आहे. भुशाची खसखस, पत्र्यावर नखांचा आवाज, आणि नळीच्या टोकाशी जिभेची बारीक लय.

दिवसभर दोन्ही नळ्या टांगलेल्या असताना काळा उंदीर घोटाघोटानं पीत राहतो, शरीर मागोमाग जाळत राहतं, आणि झिंगायची वेळ क्वचितच येते. पितो भरपूर, पण बेवडा होत नाही. यावर कित्येक वर्षं टीका होत होती. जस्टिन ऱ्होड्स आणि क्रॅब यांच्या चमूनं मग फक्त वेळ बदलली. उंदीर रात्रीच्या ऐन भरात असताना पाण्याची नळी काढून २० टक्के दारूची लावायची, दोन ते चार तास.

वेळ संपल्यावर रक्त तपासा. काळ्या उंदराच्या रक्तात १०० मिलिलिटरमागे १०० मिलिग्रॅमहून जास्त मद्यार्क. आपल्या देशात गाडी चालवणाऱ्याला मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. अरुंद पट्टीवर चालताना असल्या उंदराचे पाय घसरतात.

वाण तेच. जनुकाचं एक अक्षरही इकडचं तिकडे झालेलं नाही. फक्त कधी, किती वेळ आणि समोर दुसरं काही ठेवलंय का, एवढं बदललं, आणि निवांत पिणारा झोकांड्या खायला लागला. आत्याची म्हण इथे खिशातून हळूच डोकं वर काढते.

घर, शनिवार

खोली तीच. आत्याचा अडकित्ता टीपॉयवर. तुम्ही परत आला आहात आणि दोन्ही खिसे जरा झिजलेत.

माणसांचं काय, ते आता सांगता येईल. जुळ्या भावंडांच्या आणि दत्तक गेलेल्या मुलांच्या अभ्यासांतून दिसतं की दारूच्या व्यसनाबाबत माणसामाणसांत जो फरक पडतो, त्यातला साधारण निम्मा वारशाशी जोडता येतो. त्या मुलाच्या पेल्यातली निम्मी दारू आजोबांनी ओतली, असा याचा अर्थ नव्हे. हा हिशेब समाजातल्या फरकांचा आहे. एका माणसाला तो लावता येत नाही. आणि वारसा नेहमी पेल्याकडेच ढकलतो असंही नाही. जपान, चीन, कोरियात पुष्कळांच्या अंगात एका विकराचं दुबळं रूप असतं. दारूतून तयार होणारं ॲसिटाल्डिहाइड त्यांना पटकन निकामी करता येत नाही. दोन घोटांत चेहरा लालबुंद, धडधड, मळमळ. त्यांच्या रक्तात जे आहे ते बहुतेकदा त्यांना वाचवतं.

म्हणजे काकांना चूक म्हणता येत नाही. आजोबांकडून काहीतरी येतंच. गोडाला हपापलेली जीभ, किंवा फार सहज उतरणारी नशा. दुसऱ्या दिवशी डोकं धरून बसावं न लागणं हीसुद्धा वारशानं आलेली जोखीमच. चूक आहे ती वजाबाकी न करण्यात. आजोबांच्या काळात गावात काम किती होतं, मजुरी हातात पडायच्या वाटेवर गुत्ता होता का, सुधाकरासारखा कुठला अपमान उराशी होता का, संध्याकाळी दुसरं काही करायला होतं का, हे सगळं त्या नळीतून खाली गेलं आणि आपण एकरकमी त्यांच्या रक्ताच्या नावावर मांडलं. आजोबांच्या रांगेत रिकामा पिंजरा कुणी ठेवला नव्हता. माणसांच्या रांगेत तो कधीच ठेवता येत नाही. म्हणून तरी आकडा वाचताना आवाज थोडा खाली असावा.

आत्यालाही एक सांगायचंय. पवळ्याला गुण लागला तो ढवळ्याचा, हे खरं. पण शेजारी बांधलेल्या सगळ्याच बैलांना तो सारखा लागत नाही. कुणाला लवकर लागतो, कुणाला कितीही बांधा, लागत नाही. तिथे वाण आत येतं. म्हणीनं ज्यांना समोरासमोर उभं केलं, ते दोघं खरं तर एकाच दावणीला आहेत.

आणि मग तुम्हाला आठवतं, बुधवारी आईनं एक प्रश्न विचारला होता. मुलगा पितो का? तीन शब्द. सगळ्या बैठकीत वाण सोडून उंदराची नळी बघायला निघालेली ती एकटीच होती. तिला उत्तर मिळालं नाही, मिळाली ती म्हण.

निरोप उद्या द्यायचाय. तुम्ही मुलाचा नंबर काढता. आधी तो काय करतो, काय पितो, हे सरळ विचारायचं. मग आजोबांबद्दल, तेही सरळच, गावकुजबुजीतून नव्हे. ते कसे होते, काय काम करायचे, कधीपासून प्यायला लागले, घरात त्याबद्दल बोलतात का. ज्या घरात हे बोललं जातं तिथल्या मुलाला आपली जीभ ठाऊक असते.

फोनची रिंग वाजतेय. आतून आई हात पुसत येते आणि समोरच्या खुर्चीवर बसते.